चाक का घासतं?

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवतात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे आणि दोन चाकांना जोडणारा आस. आस म्हणजे संस्कृतातला ‘अक्ष’. इंग्रजांचा ‘अ‍ॅक्सल’ हा त्या अक्षाचाच लांबचा भाऊबंद. धाव, तुंबा, आरा, आस, साटी, जू... गाडीच्या एकेका अवयवाला आपल्याकडे खणखणीत नाव आहे. नाव नाही ते फक्त स्प्रिंगला, कारण बैलगाडीला स्प्रिंग नसतेच. साटी थेट आसावर बसते. खड्डा आला की चाक, आस, साटी आणि आत बसलेला माणूस असे सगळे एकदमच उसळतात.

यात हाडं खिळखिळी होतात हे खरं. पण एक सोयही आहे. चाक आणि साटी यांच्यातलं अंतर कायम राहतं. चाक साटीला घासू लागलं तर तुंबा किंवा आस झिजला, एवढं समजायला गाडीवानाला कुणाकडे जावं लागत नाही. आमच्या मावळात शर्यतीचा छकडा पळतो. हलका, बुटका, वाऱ्यासारखा. मावळची ती स्पोर्ट्‌स कारच म्हणा ना! पण चाक घासण्याचं कोडं त्या छकड्याला कधी पडत नाही. ते पडतं मोटारीला, आणि त्यातही जुन्या स्पोर्ट्‌स कारला. मागचं टायर मडगार्डला घासतं, रबर जळाल्याचा वास येतो, आणि मालक मडगार्डच्या नावाने बोटं मोडतो. दोष मात्र बहुधा दुसरीकडेच असतो.

मित्रहो, हे घासणं जन्माला कसं आलं, याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू, म्हणजे निदान कसं करायचं हे आपोआप उमगेल.

माणसाला धक्के नकोसे झाले तेव्हा त्याने गाडी आणि आस यांच्यामध्ये पोलादाचे पाटे घातले. आपल्या गॅरेजमध्ये मिस्त्री त्यांना ‘पाटे’ म्हणतात. उत्तरेकडे त्यांनाच ‘कमानी’ म्हणतात. कमान हा फारसी शब्द, अर्थ धनुष्य. नाव किती चपखल आहे पाहा! पोलादाची बाकदार पट्टी भाराने सरळ होते आणि भार गेला की पुन्हा बाक धरते. १८०४ साली ओबादाया इलियट नावाच्या इंग्रज गाडीवाल्याने दोन बाकदार पाटे समोरासमोर जोडून ते थेट आसावर बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे बग्ग्या हलक्या झाल्या, बुटक्या झाल्या, वेगही वाढला. पुढे १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर चाकांची वर्दळ सुरू झाली.

पण या पाट्यांनी एक नवीन भानगड जन्माला घातली. आता गाडीचं शरीर आणि तिचं चाक एकमेकांना बांधलेले राहिले नाहीत. चाक वर-खाली होऊ लागलं. त्याला वर-खाली व्हायची मुभा हवी, पण डावी-उजवीकडे सरकायला मात्र बंदी हवी. पुढे-मागेही हलायला नको. एकाच अवयवाला एका दिशेने मोकळीक आणि बाकी सगळ्या दिशांनी मज्जाव! मोटारीच्या सस्पेन्शनचा सगळा इतिहास म्हणजे ही एक अट पाळण्याची धडपड आहे. आणि चाक घासणं म्हणजे ती अट कुठेतरी मोडली गेल्याची खबर.

सुरुवातीच्या मोटारींनी बग्गीचेच पाटे उचलले. एक अखंड आस, त्याच्या दोन टोकांपाशी गाडीच्या लांबीत बसवलेले पाट्यांचे दोन जुडगे. हे पाटे दोन कामं करतात. भार तोलतात आणि आसाला जागेवर धरूनही ठेवतात. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. मागच्या टोकाला शॅकल नावाचा झुलता दुवा असतो, कारण भाराने पाटा सरळ झाला की त्याची लांबी वाढते आणि तिला कुठेतरी जागा लागते. मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू बोल्टांनी आवळलेला आस. साधी, स्वस्त, दणकट रचना. पण बुश झिजले, पाटे थकले की आस जरासा सरकतो. इथूनच घासणं सुरू होतं.

आस सरकू नये म्हणून पुढे एक आडवा दांडा आला. एक टोक चेसीला, दुसरं टोक आसाच्या दुसऱ्या बाजूला. फ्रान्समधल्या पानार कंपनीच्या नावावरून तो ओळखला जातो. आपल्याकडे त्याला ‘पॅनहार्ड रॉड’ म्हणतात. उत्तम उपाय, पण त्यातही एक मेख आहे. दांड्याचं टोक सरळ रेषेत वर-खाली होत नाही, ते कंसात फिरतं. त्यामुळे गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली बसली, की आस कायमचा एका बाजूला ओढला जातो. मग एकच चाक घासतं, आणि माणूस त्याच बाजूचा दोष शोधत बसतो. ही मेख काढायला अभियंत्यांना मागे वळून पाहावं लागलं. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॅटने १७८४ मध्ये दांड्यांची एक जोडणी शोधली होती. तिच्यात मधला बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. तीच जोडणी पुढे मोटारीच्या मागच्या आसाला बसवली गेली. वाफेच्या काळातला हा गृहस्थ असा स्पोर्ट्‌स कारच्या पोटात जाऊन बसला.

आता आपल्याकडे येऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. जे इथे खरोखर मोटार बनवणार नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये, असं ठरलं. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. परदेशी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. मुंबई-पुण्यातल्या हौशी लोकांकडे ज्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कार आधीच येऊन पडल्या होत्या, त्या मिस्त्रींच्या भरवशावर उरल्या. ‘मिस्त्री’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि ‘उस्ताद’ फारसीतून. गॅरेजमध्ये दोन्ही शब्द एकाच माणसाला लागतात.

स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे कुणी मोठ्या संख्येने बनवली नाही. पण तिची सख्खी नातेवाईक मात्र मद्रासला बनत होती. ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही गाडी पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवेल. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये ती काढली. तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचा. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी ती बनवू लागली. आणि १९६२ मध्ये ट्रायम्फने याच हेरल्डची चेसी आखूड करून तिच्यावर ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार उभी केली. घाट पुन्हा मिकेलोत्तीचाच. म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या मध्यमवर्गीय हेरल्डच्या आणि विलायतेतल्या त्या उनाड स्पिटफायरच्या पाठीचा कणा एकच!

या दोघींच्या मागच्या बाजूला अखंड आस नव्हता. डिफरन्शियल चेसीला पक्कं बसवलेलं, त्याच्या माथ्यावर आडवा, एकच पाटा. त्या पाट्याच्या दोन टोकांना दोन चाकं. दोन्ही अर्धे आस डिफरन्शियलपाशी पंखांसारखे वर-खाली होत. खड्ड्यात एक चाक गेलं तरी दुसऱ्याला धक्का नाही, हा फायदा. पण चाक वर-खाली झालं की त्याचा कलही बदलतो. गाडी भाराने बसली की चाकांचे माथे आत झुकतात. उलट, जोरात वळणावर मागची बाजू उचलली गेली की चाक पोटाखाली दुमडू पाहतं. मग गाडी हातात राहत नाही.

हा प्रश्न एकट्या हेरल्डचा नव्हता. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या पहिल्या प्रकरणात शेवरोले कॉरव्हेअरच्या अशाच मागच्या सस्पेन्शनवर त्यांनी कोरडे ओढले. मोटारीच्या सुरक्षिततेचा विचार त्यानंतर अमेरिकेत सरकारदरबारी पोचला. ट्रायम्फनेही १९७० च्या सुमारास स्पिटफायरच्या पाट्यात बदल केला. जुडग्यातली बरीच पानं मध्यभागी घट्ट न आवळता डोलायला मोकळी ठेवली, म्हणजे वळणावर चाक दुमडेना. आपल्याकडे वेगळंच झालं. आपल्या मिस्त्रींना आणि गिऱ्हाइकांना हे पंखांचं सस्पेन्शन फारसं रुचलं नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हेरल्डच्या जागी ‘गझेल’ आली तेव्हा तिला पुन्हा अखंड आस देण्यात आला. मद्रासच्या कारखान्याने आपल्या रस्त्यांचं आणि गॅरेजांचं म्हणणं ऐकलं, असंच म्हणायला हवं.

दुसरी प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कार म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनली. तिला अखंड आस आणि लांबीतले पाटे. अनेक एमजीबींमध्ये आस आणि बॉडी यांचे मध्य तंतोतंत जुळत नाहीत. डाव्या बाजूला जागा थोडी कमी सापडते. मूळचं अरुंद टायर असेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मालकाने हौसेने रुंद टायर बसवलं, की डावं चाक बोलायला लागतं.

टायरचाही इतिहास इथे आडवा येतो. मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या टायरमधले धागे तिरपे, एकमेकांना छेद देणारे असत. रेडियलमध्ये ते काठापासून काठापर्यंत आडवे असतात. रेडियलची बाजू मऊ, जमिनीपाशी फुगणारी. वळणावर ती अधिक वाकते. जुनी गाडी आखली गेली ती जुन्या टायरच्या मापाने. तिला आजचं टायर घातलं तर कागदावर बसतं, वळणावर घासतं. शिवाय रुंदीचा हिशेब पाहा. स्पिटफायरला १५५ मिलिमीटरचं टायर असे. त्याजागी १८५ चं घातलं तर वाढ ३० मिलिमीटरची. म्हणजे आत पंधरा आणि बाहेर पंधरा. ज्या गाडीत बोटभर जागा आहे, तिथे पंधरा मिलिमीटर म्हणजे सगळा संसारच गेला.

आता निदान. जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, आधी विचारतो. कधी घासतं? मागे दोन माणसं बसल्यावर खड्ड्यात घासत असेल तर उंची गेली, म्हणजे पाटे थकले किंवा शॉकअप मेले. वळणावरच घासत असेल तर आडवी हालचाल आहे. बुश, शॅकल, पॅनहार्ड रॉड यांच्याकडे पाहायचं. ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना घासत असेल तर आस पुढे-मागे सरकतो आहे. यू बोल्ट ढिले असतील, नाहीतर सेंटर बोल्ट तुटला असेल. सरळ रस्त्यावर, रिकाम्या गाडीतही घासत असेल, तर टायर किंवा रिम चुकीची आहे, नाहीतर कधीकाळी ठोकलेली बॉडी वाकडी दुरुस्त झाली आहे.

मग तो खुणा वाचतो. टायरच्या खांद्यावर चमक आहे की बाजूच्या भिंतीवर? मडगार्डची कड घासून लखलखीत झाली आहे की आतली बाजू? खूण दिसत नसेल तर टायरला खडू फासायचा, एक फेरी मारून यायचं आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहायचं.

त्यानंतर मोजमाप, आणि त्याला लागतो गवंड्याचा ओळंबा. गाडी सपाट जागी उभी करायची, हवा दोन्हीकडे सारखी. गाडी जॅकवरून उतरवली असेल तर दोन-चार हात पुढे-मागे ढकलून तिला बसू द्यायचं. हेरल्डसारख्या गाडीला तर हे केल्याशिवाय मोजूच नये, कारण जॅकवर दुमडलेली चाकं जागेवरच्या जागेवर सरळ होत नाहीत. मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून रिमपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. समजा डावीकडे वीस मिलिमीटर आलं आणि उजवीकडे बत्तीस. फरक बाराचा, म्हणजे आस सहा मिलिमीटर डावीकडे सरकलेला आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. ते वेगळं आलं तर आस तिरका बसला आहे. शेवटी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. एक बाजू खाली असेल तर डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून पाहायचा. बसकेपणा पाट्याबरोबर गेला तर दोष पाट्याचा. जागेवरच राहिला तर दोष चेसीचा. यात कुठलंही यंत्र नाही. एक दोरी, एक वजन, एक खडू आणि सबुरी.

उपायही इथेच कळतो. बुश नवे घालायचे, पण त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी लटकत असताना आवळले तर खाली उतरल्यावर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. पाटे थकले असतील तर ते लोहाराच्या भट्टीत तापवून, बाक देऊन, पाणी देऊन आणि पुन्हा बेताने तापवून तयार करावे लागतात. पाणी कमी पडलं तर पाटा मऊ राहतो, जास्त झालं तर ठिसूळ होतो आणि एखाद्या खड्ड्यात मोडतो. हा बेत पुस्तकातून येत नाही, हातातून येतो.

सोपे उपायही आहेत, आणि सगळा घात तेच करतात. मडगार्डची कड हातोड्याने आत वळवायची किंवा कापूनच टाकायची. जास्तीचा एक पाटा घुसडायचा. घासण्याचा आवाज लगेच बंद होतो, पण सरकलेला आस सरकलेलाच राहतो, तुटका सेंटर बोल्ट तुटकाच राहतो. जास्तीच्या पाट्याने गाडी उंच आणि ताठ होते. ज्या गाडीचं चाक वळणावर दुमडतं, तिची मागची बाजू उंच करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा कलावंताने काढलेली रेषा एकदा कापली, की ती पुन्हा मिळत नाही.

हे आज सांगायचं कारण माझ्या गावाच्या रस्त्यावर आहे. तळेगावहून चाकणला जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी लागतं. गावात दाभाड्यांचा जुना भुईकोट आहे, आत कडजाई देवीचं मंदिर आहे, आणि बाहेरच्या रस्त्यावर अहोरात्र मोटारी वाहणारे ट्रेलर धावतात. शिवडीहून गेलेली जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावला कारखाना घेऊन आली; २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. पलीकडे चाकणला जगातल्या बड्या कंपन्या आहेत. तिथे आसाचं स्थान संगणक पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण नव्या गाडीचा मिस्त्री बिघडलेला भाग शोधून बदलतो. जुन्या गाडीचा भाग बाजारात नसतोच, तिथे कारण शोधावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. तिच्याबरोबर पाट्यांवरची किती हातांची भाकरी आणि किती डोक्यांतली विद्या गेली, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. राजांच्या आणि शेठजींच्या गाड्या संग्रहालयात जातील. त्या पळत्या ठेवणाऱ्यांची कारागिरी कुठे ठेवायची?

ती विद्या केवळ हौशी गाड्यांपुरती नाही. इंदुरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराखाली कोसळला. चार जणांचा जीव गेला. पूल आणि मोटार या वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोखंडाचा स्वभाव एकच. ते थकतं, बसतं, गंजतं, आणि मोडण्याआधी बहुतेकदा काहीतरी सांगतं. ते ऐकायला कुणीतरी लागतं.

म्हणून आपल्या आसपास अजून कुणी पाटे वळवणारा लोहार असेल, ओळंब्याने गाडी मोजणारा मिस्त्री असेल, तर एखाद्या तरुणाने वही घेऊन त्याच्याशेजारी बसावं. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी अशा उस्तादांना वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावं. त्यांचे शब्द लिहून घ्यावेत, त्यांची मापं लिहून घ्यावीत. धाव, तुंबा, आरा, आस हे शब्द टिकले ते कुणीतरी वापरत राहिलं म्हणून. पाट्यांचे शब्द टिकायचे असतील तर तेही कुणाच्या तरी तोंडात राहिले पाहिजेत. आणि तोवर, कुणाच्या जुन्या गाडीचं मागचं चाक घासू लागलंच, तर मडगार्डवर हातोडा घालण्याआधी एवढंच विचारा: कधी घासतं?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)